उभ्यानं बातम्या सांगणाऱ्या टिपणीसबाई

परवा घरी टीव्हीवर संसदेतली चर्चा लागली होती. मी ती बघत होतो असं नाही. रिमोट सापडत नव्हता म्हणून चालू होती. कुठल्यातरी शहरातल्या आगीबद्दल कोणीतरी विचारलं आणि मंत्र्यांनी उत्तर दिलं, की याबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे. मी चहाचा कप खाली ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "कोण करतंय?"

बायको आतून म्हणाली, "आल्या का टिपणीसबाई अंगात?"

बाईंना जाऊन दोनेक वर्षं होतील. पण 'करण्यात येईल', 'लक्ष घालण्यात येईल' असं काही कानावर पडलं की आमच्या घरात कोणीतरी ओरडतंच, "कोण?" माझ्या धाकट्या मुलीनं तर शाळेत मुख्याध्यापिकांना विचारलं होतं. सहलीचे पैसे परत करण्यात येतील, असं त्या म्हणाल्या, तेव्हा. मला शाळेत बोलावून घेतलं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये केबलवर आमचं एक लोकल चॅनल होतं. दुपारी भजनं, मग जुने सिनेमे, मध्ये मध्ये साड्या, जीन्स आणि फर्निचरच्या जाहिराती, आणि संध्याकाळी अर्धा तास बातम्या. मालक होतूशेठ. त्यांचं खरं दुकान पडद्यांच्या कापडाचं. चॅनल दुकानाच्या माळ्यावर. मी तिथे कॅमेरा धरायचो आणि शूट केलेलं जोडायचो. वासंती टिपणीस बातम्या आणायच्या, लिहायच्या, वाचायच्या, आणि वाचून झाल्यावर येणारे शिव्यांचे फोनही स्वतःच घ्यायच्या.

त्या मूळच्या टेलिफोन खात्यातल्या. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून ट्रंक लाइनवर बसलेल्या. उठायचं झालं तर सुपरवायझरला हात वर करून विचारायचं, आणि तिनं मान हलवली तरच उठायचं. खात्यानं स्वेच्छानिवृत्ती दिली त्या दिवशी बाई खुर्चीवरून उठल्या त्या उठल्याच. आमच्याकडे आल्या तेव्हा होतूशेठनी कौतुकानं गोल फिरणारी खुर्ची आणून ठेवली होती. बाईंनी तिच्यावर पर्स ठेवली. "मी उभ्यानं वाचते," म्हणाल्या, "बसलं की मला कोणीतरी लाइन जोडून द्या म्हणतंय असं वाटतं."

उभ्यानं म्हणजे एका जागी उभ्यानं, असं मला वाटलं होतं. बाई चालत बातम्या वाचायच्या. माळा तो केवढा. दोन पावलं गेल्या की फ्रेमच्या बाहेर. मग पडद्यावर नुसती निळी भिंत दिसायची आणि आवाज चालू. पुन्हा डावीकडून बाई आत. सुरुवातीला लोकांनी फोन करून विचारलं, बाई कुठे जातात? पुढे त्याचीही सवय झाली. मी स्टँड सोडून कॅमेरा खांद्यावर घेतला आणि त्यांच्या मागे फिरायला शिकलो. सहा महिन्यांत माझा उजवा खांदा उतरला. आवाज मात्र असा, की पंख्याची घरघर, खालच्या दुकानातली शिलाईमशीन, रस्त्यावरची रिक्षा, सगळ्यांतून सरळ कानात शिरावा. वर चढवलेला नाही, गोडही नाही. 'नंबर सांगा' म्हणणारा आवाज.

त्यांचे काही नियम होते. "सूत्रांकडून समजतं" असं लिहून आणलं की म्हणायच्या, "सूत्रं कसली, विणकामाची? माणसाचं नाव आण." 'नागरिक हैराण' हे शब्द त्यांनी बंद करून टाकले होते. "नागरिक नावाचा माणूस मला आजवर भेटलेला नाही. कदम भेटल्यात, रोचलानी भेटलेत." आणि 'करण्यात येईल' ऐकलं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. एका अधिकाऱ्यानं फोनवर सांगितलं, की रस्त्यावरचे खड्डे बुजवण्यात येतील. बाईंनी विचारलं, "कोण बुजवणार?" तो म्हणाला, "बुजवले जातील." "तुम्ही बुजवणार का?" "मी कसा बुजवणार, मॅडम?" "मग ज्याला येतं त्याला फोन द्या." हे सगळं थेट चालू होतं. कॅम्प चारनं त्या रात्री जेवताना तेच ऐकलं.

पाण्याचं प्रकरण त्याच सुमाराचं. आमच्या मागच्या गल्लीत पाणी करंगळीएवढं यायचं आणि पुढच्या गल्लीत टाक्या भरून वाहायचं. तक्रारी सगळीकडे देऊन झाल्या होत्या. बाईंनी काही तक्रार केली नाही. पाण्याच्या वेळेला त्यांनी सरळ बातम्या सुरू केल्या आणि दोन्ही गल्ल्यांतल्या लोकांना फोन लावायला सांगितलं. मागून कदमवहिनी बोलल्या, "बाई, हंडा लावून मी देवपूजा केली, पोळ्या केल्या. हंडा अजून तसाच." लगेच पुढच्या गल्लीतून एक गृहस्थ उत्साहानं म्हणाले, "मॅडम, हमारे यहाँ तो एकदम फर्स्ट क्लास है! टंकी ओव्हरफ्लो हो रही है, अभी गाडी धो रहा हूँ!"

बाई नुसत्या उभ्या राहिल्या. पडद्यावर त्या स्थिर दिसल्या अशा वेळा मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकेन.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडणारा माणूस दुकानात आला. घामानं डबडबलेला. "मॅडम, मला सांगतात तेवढी मी चावी फिरवतो."

"कोण सांगतं?"

तो छताकडे बघायला लागला. "माझं नाव नका घेऊ टीव्हीवर."

"तुमचं कशाला घेईन? पाणी प्या. बसा."

त्यानं नाव सांगितलं नाही, पण त्या आठवड्यापासून मागच्या गल्लीला धार आली. आणि आमच्याकडची फर्निचरची जाहिरात गेली, कारण ते दुकान पुढच्या गल्लीतल्या एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याचं. होतूशेठ बाईंना 'अदी' म्हणायचे. सिंधीत बहिणीला म्हणतात तसं. कपाळाला हात लावून म्हणाले, "अदी, आपको पानी मिला, मेरा सोफासेट गया. न्यूज दो ना, झगडा मत दो."

"शेठ, झगडा मी देत नाही. तो आधीच असतो."

बाई राहायला अंबरनाथला, पूर्वेला. यजमान तिथल्या सरकारी कारखान्यात अधिकारी होते, ते लवकर गेले. मुलगी लग्न होऊन लांब. घरी एकट्या. तिकडे काही दिवस औद्योगिक वसाहतीच्या बाजूनं वास यायचा. डोळे चुरचुरायचे, पोरं खोकायची. एक तपासणी अधिकारी आले आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "मला तर काही वास जाणवत नाही." बाईंनी वाद घातला नाही. "साहेब, लांबून आलात, नाश्ता करू," म्हणून त्यांना कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं. पोहे मागवले. वारा त्याच दिशेनं होता. साहेबांनी एक घास खाल्ला. दुसरा चमच्यात घेतला, तोंडापर्यंत नेला, थांबले. इकडे तिकडे बघितलं. मग प्लेट बाकावर ठेवून खिशातून रुमाल काढला.

बाईंनी विचारलं, "तिखट झाले का?"

ते आम्ही तसंच दाखवलं, एक शब्द न लावता. टपरीवाला मात्र बाईंवर रागावला. त्याच्या पोह्यांची बदनामी झाली होती. बाई दुसऱ्या दिवशी जाऊन कॅमेऱ्यासमोर दोन प्लेट पोहे खाऊन आल्या. उभ्यानंच.

इथपर्यंतच्या बाई मला सांगायला सोप्या जातात. लोक हसतात, मीही हसतो. पुढच्या सांगताना मी कुठेतरी अडखळतो.

कॅम्प चारमध्येच एका पाच मजली इमारतीचा स्लॅब पडला. वरच्या घराचा तुकडा खालच्या घरात, तो त्याच्या खालच्यात, असा थेट तळापर्यंत. माणसं गेली. आम्ही पोचलो तेव्हा सगळे कॅमेरे ढिगाऱ्याकडे होते. बाईंनी माझा खांदा धरून मला उलटं फिरवलं. समोर तशीच दुसरी इमारत उभी होती, त्याच वयाची, तसल्याच गॅलऱ्या, आणि गॅलऱ्यांत माणसं उभी राहून ढिगारा बघत होती.

"यांना दाखव," बाई म्हणाल्या.

मग त्या इमारतीत शिरल्या. पहिल्याच घरात मान वर करून बघितलं. छताचं प्लास्टर सुटलेलं, आतली सळई गंजून फुगलेली. "हे कधीपासून?" घरातली बाई म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून आहे."

त्या दिवसापासून आमच्या बातम्यांत रोज एक छत. कुठली इमारत, कोणाचं घर, किती जुनं, कोणाला कळवलं. सुरुवातीला लोकांनी आपणहून बोलावलं. मग दोन-तीन इमारतींना घरं रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या, आणि हवा फिरली. जायचं कुठे, हे नोटिशीत नसायचं. आम्ही जिना चढायला लागलो की दारं लागायला लागली. एका घरात म्हातारे आजोबा दारातच हात जोडून उभे राहिले. "बाई, या, चहा घ्या. पण वर बघू नका."

बाईंनी चहा घेतला. खाली मान घालून घेतला. जिना उतरताना मला म्हणाल्या, "सावंत, आपण काय करतोय?" उत्तराला न थांबता त्या पुढच्या इमारतीकडे निघाल्या होत्या.

लाजवंती आंटींची इमारत त्यानंतरची. आंटी सिंधी, विधवा, सत्तरीच्या. पापड लाटून विकायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला इतकी मोठी भेग, की पापड वाळत घातले की वरून वाळू पडायची. त्यांनीच आम्हाला बोलावून दाखवली होती, हसत. "देखो मॅडम, मसाला ऊपर से आता है." आम्ही ते दाखवलं. तीन दिवसांत पोलीस आले, पाणी तोडलं, वीज तोडली, आणि दुपारपर्यंत सगळी घरं रस्त्यावर. गाद्या, मिक्सर, देवांचे फोटो, गॅसच्या शेगड्या. माणसांना तात्पुरतं एका शाळेच्या वर्गांत हलवलं.

आंटी शाळेत गेल्या नाहीत. पापडाचा पाट काखेत घेऊन त्या सरळ होतूशेठच्या दुकानात आल्या, माळ्याचा जिना चढल्या आणि बाईंसमोर उभ्या राहिल्या. बातम्यांना थोडा वेळ होता.

"तुमको मैंने बुलाया था," त्या म्हणाल्या. "मैंने चाय पिलाई. तुमने मेरा घर छीन लिया."

"छत पडलं असतं, आंटी."

"पडा क्या?"

आंटी खाली बसल्या, त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीवर, बाईंची पर्स मांडीवर घेऊन. रडत नव्हत्या. नुसत्या बसल्या. मी कॅमेरा चालू केला, कारण वेळ झाली होती.

बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. त्या दिवशी त्या फ्रेमच्या बाहेर गेल्या नाहीत. म्हणाल्या, "आज लाजवंती आंटींच्या इमारतीतली माणसं शाळेच्या फरशीवर झोपणार आहेत. इमारत मी दाखवली. मी दाखवली म्हणून ती रिकामी झाली. रिकामी झाल्यावर माणसं जाणार कुठे, हे दाखवण्याआधी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. सगळ्यांची नावं विचारत फिरते, तर आज माझं लिहून घ्या. वासंती टिपणीस."

खाली दुकानात होतूशेठ टीव्हीसमोर उभे होते. ते धापा टाकत वर आले. "अदी, ये क्या बोल दिया? कोई केस कर देगा!"

"करू दे," बाई म्हणाल्या. मग आंटींकडे वळल्या. "आंटी, माझ्याकडे दोन खोल्या आहेत. चला. घाई करा, पुढची अंबरनाथ लोकल गाठू."

आंटी म्हणाल्या, "मैं कांदा-लसूण वाला घर में नहीं रहती."

"मग मी सोडते."

आणि खरंच सोडलं. मासळीसुद्धा. टिपणीसांच्या सीकेपी घरात मासळी बंद, म्हणजे काय ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

बाईंची झोप त्यानंतर गेली असावी. सकाळी माळ्यावर यायच्या त्या लाल डोळ्यांनी, आणि आल्या आल्या फोन. इतके दिवस त्या 'कोण' विचारायच्या. आता 'कुठे' विचारायला लागल्या. माणसं काढायची तर ठेवायची कुठे? इथल्यांनी वरच्यांकडे बोट दाखवलं, वरच्यांनी त्यांच्या वरच्यांकडे. बाई बोटांच्या मागे मागे जात दिल्लीपर्यंत पोचल्या. एका लांबच्या जिल्ह्यातल्या खासदारांची बहीण बदलापूरला नव्या टॉवरमध्ये राहायची. बाईंनी तिला गाठलं, तिच्याकडून भावाला. रोज फोन. त्यांचा सहायक आवाज ओळखायला लागला. "ताई, साहेब मीटिंगमध्ये आहेत." "असू द्या. मी थांबते लाइनवर. मला सवय आहे."

शेवटी खासदारांनी सांगितलं, की सार्वजनिक सुरक्षेवर चर्चा लागली आहे, त्यात मी बोलतो.

त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. होतूशेठनी पडद्यांचे गठ्ठे बाजूला सारून जागा केली, स्वतः पारले बिस्किटं आणली. शाळेत राहणारी माणसं आली, कदमवहिनी आल्या, पाणी सोडणारा माणूस दाराशी उभा राहिला. लाजवंती आंटी पुढे स्टुलावर. मी टीव्हीचंच चित्र घेऊन आमच्या चॅनलवर सोडत होतो. दुपार सरली तरी दुसरेच लोक दुसरंच बोलत होते. सभागृहातली बाकं एकेक करून रिकामी होत गेली. बाई दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या.

संध्याकाळी खासदार उभे राहिले. जुन्या इमारतींचं बोलले. पाणी, रस्ते, आगीचे बंब, सगळ्यांना सारखं मिळत नाही, असं बोलले. 'उल्लासनगर' म्हणाले, तरी दुकानात टाळ्या पडल्या. मग म्हणाले, की तिथे एक छोटं लोकल चॅनल आहे, एक बुजुर्ग महिला तिथे रोज धोक्याची घरं दाखवते.

"बुजुर्ग कोण?" बाई म्हणाल्या. सगळे हसले.

आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. खासदार लोकांच्या राहण्याच्या सोयीचं बोलणार होते, ते हातातल्या कागदावरच राहिलं. बाकीचं पटलावर ठेवा, असं त्यांना सांगण्यात आलं. ते खाली बसले.

मंत्री उत्तराला उभे राहिले. दुःख व्यक्त केलं. हा विषय राज्याचा आहे, पण राज्याला विचारणा करू, म्हणाले. मग चष्मा काढला आणि त्या लोकल चॅनलवर आले. अशा वाहिन्यांचीही जबाबदारी असते. घरबसल्या लोकांमध्ये घबराट पसरवणं योग्य नाही. त्यांच्यासाठी काही नियम असले पाहिजेत, याचा विचार करण्यात येईल. त्यावर मात्र सभागृहात बऱ्याच जणांनी बाकं वाजवली. पुढे दोन-तीन सदस्य उठले आणि चर्चा वाहिन्यांवरच गेली. छतांवर परत आली नाही.

पडद्यावर दिल्ली आणि खाली आमच्याच चॅनलचं नाव. शाळेत राहणाऱ्यांपैकी एकानं हळूच विचारलं, "म्हणजे आमचं काय ठरलं?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "काही नाही ठरलं. विचारणा करणार आहेत."

"कौन करेगा?" लाजवंती आंटी म्हणाल्या.

बाईंच्या घरी राहून 'कोण' आंटींनाही लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात चॅनलची कागदपत्रं मागवली गेली. मग पुन्हा मागवली गेली. होतूशेठनी बातम्या बंद केल्या. सांगायला ते माळ्यावर आले, आणि सांगता सांगता स्वतःच त्या गोल खुर्चीवर बसले. "अदी, मेरे को धंदा करना है. मेरे दो लडके हैं." थोड्या वेळानं म्हणाले, "बायडी दोन दिस बात नाय करत माझ्यासंगं. रोज तुमची न्यूज बघायची." त्यांचं मराठी असं, फक्त अडचणीत बाहेर यायचं. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पर्स उचलली आणि जिना उतरल्या. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला आम्ही भजन लावलं. फोन वाजत राहिला.

विचारणा खरंच झाली म्हणायची. कोणी केली ते कळलं नाही. काही महिन्यांनी इंजिनीयर आले, इमारती बघून गेले, आणि शाळेतल्या बऱ्याच कुटुंबांना अंबरनाथच्या एका रिकाम्या वसाहतीत खोल्या मिळाल्या. सगळ्यांना नाही. आंटींना चौथ्या मजल्यावरची मिळाली होती, ती त्यांनी घेतली नाही. "अकेली क्या करूँगी उधर?" बाईंच्या स्वयंपाकघरात त्यांचे पापड वाळत राहिले.

ती बंद इमारत तशीच उभी होती. नंतर एका दुपारी तिचा तिसऱ्या मजल्याचा भाग आतल्या आत बसला. आंटींच्या स्वयंपाकघरासकट. बाईंनी मला फोन केला, "कॅमेरा आण." "बाई, दाखवणार कुठे?" मी विचारलं. "बरं, मग नुसता ये."

आम्ही बाहेरून बघितलं. खिडकीतून आभाळ दिसत होतं. बाई एकदाही म्हणाल्या नाहीत, की बघ, मी म्हणाले होते. घरी गेलो, तर आंटी भेंडी चिरत होत्या. बाईंनी त्यांना सांगितलं. आंटींचा हात थांबला. मग म्हणाल्या, "तो अब मैं थँक्यू बोलूँ?"

"नको," बाई म्हणाल्या. दुसरी सुरी घेतली आणि ओट्याशी उभ्या राहून उरलेली भेंडी चिरायला लागल्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मला कोणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी पाणी पिऊन निघालो.

नंतर मी लग्नांच्या ऑर्डरी घ्यायला लागलो. बाईंची गाठ क्वचित. कोणी सांगायचं, त्या अमक्या सोसायटीत जिन्यातल्या वायरी बघत होत्या. कोणी सांगायचं, वॉचमननं त्यांना बाहेर काढलं. कुठल्याही चॅनलसाठी नाही. आपल्या आपण.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या बदलापूरला, एका लग्नात. दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर एसी हॉल, नवाकोरा. बाई मुलीकडच्या पाहुण्या होत्या, लाजवंती आंटींना बरोबर घेऊन आलेल्या. बाईंनी नारायणपेठ नेसली होती, ती त्यांच्या अंगावर कोणा दुसऱ्याची वाटत होती. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, अक्षता वाटून झाल्या, आणि माझ्या फ्रेमच्या कडेला काहीतरी हललं. बाई प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा उंच ढीग ओढत होत्या. ढिगाच्या मागे एक दार होतं, वर 'एक्झिट'ची हिरवी पाटी. मुलाचे काका त्यांना हॉलच्या कामाला असलेल्या समजले. "मावशी, इकडे दोन द्या जरा." बाईंनी दोन खुर्च्या त्यांना दिल्या. आणखी चार दुसऱ्यांना दिल्या. लोक घेत गेले, ढीग सरत गेला. मुलीचे वडील आंतरपाटाजवळून डोळे वटारत होते. बाईंनी कडी सरकवली, दाराला खांदा लावला, आणि एसी हॉलमध्ये दुपारचा उन्हाचा झोत आला. बाहेर लोखंडी जिना होता. बाईंनी एका हातानं निऱ्या उचलल्या, दुसऱ्या हातानं कठडा धरला आणि त्या जिना उतरून गेल्या. तो खाली जमिनीपर्यंत पोचतो की नाही, ते बघायला.

मला कॅमेरा जोडप्याकडे वळवावा लागला. सावधान झालं, बँड सुरू झाला, लोकांनी अक्षता उधळल्या. तेवढ्यात बँडच्या मधल्या फटीतून खालून पत्रा वाजल्याचा आवाज यायला लागला. जिन्याच्या तळाचं शटर कोणीतरी दोन्ही हातांनी बडवत होतं.

"इथे खाली कुलूप आहे!"

माझ्या त्या दिवसाच्या शूटिंगमध्ये हार घालणारी नवरी आहे, आणि तिच्या मागून हातात चाव्यांचा जुडगा घेऊन त्या उघड्या दाराकडे धावत सुटलेला हॉलचा मॅनेजर आहे.